रात्री पकडला हायवा, सकाळी नोंदला ट्रॅक्टर : एक प्रकरण अभ्यास

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तिच्यात नीतिशास्त्राचा पेपर आला, तेव्हापासून अभ्यासिकांमध्ये एक प्रश्न हटकून सोडवला जातो : प्रामाणिक तरुण अधिकारी, हप्ते खाणारे सहकारी, तुम्ही काय कराल? उत्तरही ठरून गेलं आहे. वरिष्ठांना कळवीन, त्यांनी दाद दिली नाही तर त्यांच्या वरिष्ठांना कळवीन. हे उत्तर वाचलं की मला काळजी वाटते. कारण ते लिहिणाऱ्यांपैकी काही जण खरोखरच फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, होतात, नाशिकच्या पोलीस अकादमीतून खांद्यावर दोन तारे लावून बाहेर पडतात आणि गोदाकाठच्या एखाद्या ठाण्यात हजर होतात. कळवायचं म्हणजे नेमका कोणता कागद, किती वाजता, कोणाच्या आवक नोंदवहीत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून एक प्रकरण सविस्तर मांडतो. माणसं आणि प्रसंग चर्चेसाठी रचलेले आहेत, ते कुठल्याही एका ठाण्याचे नाहीत. नदी, वाळूचा धंदा, कलमं आणि कामाची पद्धत मात्र आहे तशीच आहे.

नदी, हद्द आणि मे महिना

पैठणच्या धरणाखाली गोदावरी अंबड, गेवराई, घनसावंगी, माजलगाव, पाथरी, गंगाखेड अशी तालुक्यांच्या कडेकडेनं नांदेडकडं जाते. बऱ्याच लांबीत नदीचं पात्र हीच जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडचा काठ बीडचा, पलीकडचा जालन्याचा, पुढं परभणीचा. रात्री पात्रात केनी (पाण्यातली वाळू ओढून काढायचं अवजार) चालू असली की या काठचं ठाणं म्हणतं, ती पलीकडची. त्या काठचं ठाणंही तेच म्हणतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी फिर्याद घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे हद्दीची सबब कायद्यानं संपलेली आहे. नदीकाठी ती अजून चालते.

दुसरी सबब त्याहून जुनी : वाळू हे महसूलचं काम, आपलं नाही. तहसीलदारांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली गाडी अडकवण्याचे आणि वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावण्याचे अधिकार आहेत, हे खरंच आहे. पण नदीतली वाळू सरकारच्या मालकीची आहे. ती परवान्याशिवाय उचलणं ही चोरी आहे आणि तिचा गुन्हा पोलीस स्वतंत्रपणे दाखल करू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात स्पष्ट केलं. आता त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं.

१० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत पात्रातून वाळू काढायला बंदी असते. त्यामुळं मे उजाडला की साठे करायची घाई सुरू होते. २०२३ च्या धोरणात सरकारनं स्वतःचे डेपो काढून ६०० रुपये ब्रासनं (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाकडं वळावं लागलं. धोरण कुठलंही असो, रात्रीचा धंदा त्याच्या समांतर चालूच राहतो. त्याची माणसं ठरलेली असतात. केनीवाला, जेसीबीवाला, हायवाचा, म्हणजे मोठ्या टिपरचा, मालक, आणि तहसीलच्या फाटकासमोर, ठाण्याच्या कोपऱ्यावर, साहेबांच्या क्वार्टरबाहेर मोटारसायकल लावून बसलेली लोकेशनवाली पोरं. सरकारी गाडी हलली की तिची बातमी गाडीच्या आधी नदीवर पोचलेली असते.

या सगळ्यात ठाण्याचा वाटा 'एंट्री'चा. गाडीमागं महिन्याला ठरलेला आकडा. एंट्री भरलेल्या गाड्यांचे नंबर एका वहीत, वही एका माणसाकडं.

तीन माणसं

फौजदार सत्तावीस वर्षांचा, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातला, आईबापाच्या ऊसतोडीच्या कोयत्यावर शिकलेला. दिवाळी झाली की आईबाप कारखान्याला, आणि पोरगा आजीजवळ. अजून परिविक्षाधीन, नोकरीला वर्षही झालेलं नाही.

ठाण्याचे प्रभारी निरीक्षक हे या प्रकरणातले खलनायक म्हणून रंगवले तर प्रकरण फुकट जाईल. ते तपासात पक्के आहेत. दरोड्याच्या एका गुन्ह्यात त्यांनी तीन रात्री न झोपता आरोपी धरले, तेव्हा हा फौजदार त्यांच्या गाडीत होता. फिर्यादीत कोणता शब्द पडला तर न्यायालयात गुन्हा उभा राहतो आणि कोणता पडला तर झोपतो, हे याला अकादमीत नव्हे, त्यांच्या टेबलासमोर उभं राहून कळलं. पोरांच्या रजा ते अडवत नाहीत. ठाण्यात त्यांच्याबद्दल आदर आहे आणि तो खोटा नाही.

वही ज्यांच्याकडं असते ते जमादार. मराठवाड्यात हवालदाराला आजही लोक जमादार म्हणतात. पंचवीस वर्षं नोकरी झालेली, प्रत्येक गावचा पोलीस पाटील, प्रत्येक भांडणाची जुनी मुळं तोंडपाठ. फौजदार नवा होता तेव्हा खोली मिळेपर्यंत महिनाभर त्याचा डबा जमादारांच्या घरून येत होता.

रात्र

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रात्रगस्तीला फौजदार, चालक आणि एक शिपाई. पावणेतीनच्या सुमारास नदीकडून येणाऱ्या फाट्यावर हायवा समोर आला. पुढच्या पाटीवर ग्रीस फासलेलं, मागची पाटीच नाही. वरून ओली वाळू, फाळक्यातून पाणी गळतंय, म्हणजे भरून अर्धा तासही झालेला नाही. साडेचार-पाच ब्रास सहज.

(इथं एक गोष्ट थांबून सांगतो, कारण तरुण अधिकाऱ्यांच्या जिवाची आहे. भारतीय पोलीस सेवेतले नरेंद्र कुमार २०१२ मध्ये मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगड वाहणाऱ्या ट्रॅक्टरखाली गेले. २०२२ मध्ये हरियाणात नूंह जिल्ह्यात उपअधीक्षक सुरेंदर सिंह बिश्नोई यांच्या अंगावर डंपर घातला गेला. भरलेल्या गाडीसमोर उभं राहून हात करू नका. गाडी आडवी लावा, बाजूला थांबा, जादा मनुष्यबळ मागवा.)

फौजदारानं जीप आडवी लावली होती. ड्रायव्हर खाली उतरला. घाबरलेला नव्हता, बुचकळ्यात पडलेला होता.

"एंट्री हाय की साहेब. जमादाराला फोन लावा ना."

फौजदारानं फोन लावला नाही. मोबाइलवर तीन फोटो काढले, गाडीत शिपाई बसवला आणि हायवा ठाण्याच्या आवारात आणून उभा केला. सव्वातीन वाजले. ठाणे अंमलदाराला म्हणाला, स्टेशन डायरीला नोंद घ्या. अंमलदारानं मान वर न करता सांगितलं, "घेतो साहेब, सकाळी मोठ्या साहेबांच्या कानावर घालून घेतो. आता कुठं पळून चाललाय हायवा?" तेवढ्यात ११२ चा कॉल आला. महामार्गावर अपघात, दोन जखमी. फौजदार निघाला.

तो परत आला तेव्हा साडेसहा झाले होते. आवारात हायवाच्या जागी एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत ब्रासभर वाळू. डायरीत ७.१० ची नोंद पडली ती अशी : जमादार व स्टाफनं पहाटे पाच वाजता अमुक शिवारात वाळूसह ट्रॅक्टर मिळून आल्यानं पुढील कारवाईसाठी ठाण्यात आणून लावला. हायवाचा उल्लेख कुठंच नाही. रात्रगस्तीची जप्ती घडलीच नाही.

माझ्या मते हे सगळं प्रकरण सव्वातीन ते सात दहा या चार तासांत आहे. लाच कुठं जन्मते असं विचारलं तर लोक बंद पाकिटाकडं बोट दाखवतात. मी या चार तासांकडं दाखवीन. घटना घडली आहे आणि ती कागदावर आलेली नाही, तोवर ती विकाऊ असते. एकदा नोंद पडली की तिला पुसायला खोटा दस्त करावा लागतो. आरोपीला शिक्षेतून किंवा मालाला जप्तीतून वाचवण्यासाठी लोकसेवकानं चुकीची नोंद करणं हा न्याय संहितेच्या कलम २५६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. आणि खोटी नोंद करताना हात थरथरतो. न केलेल्या नोंदीला मात्र कोणाचाच हात थरथरत नाही.

फौजदाराच्या हातात त्या रात्री बरंच काही होतं. फाट्यावरच दोन पंच बोलावून जप्ती पंचनामा करता आला असता. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं सक्तीचं आहे, ई-साक्ष्य ॲप फोनमध्ये होतं आणि ते चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं असतं. एकदा ते ठाण्याबाहेर गेलं की हायवाचा ट्रॅक्टर करणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. तो स्वतः सरकारतर्फे फिर्यादी होऊ शकत होता. तलाठ्याला उठवता आलं असतं. आणि महामार्गावर निघण्याआधी दोन मिनिटं थांबून 'मी नोंद पडल्याशिवाय हलत नाही' एवढं म्हणता आलं असतं. जखमी रस्त्यावर पडलेले असताना तो थांबला नाही, याबद्दल त्याला दोष देणं मला जमत नाही. पण फाट्यावरचा पंचनामा राहिला, ही उणीव खरी आहे आणि पुढं ती त्याला महागात पडली.

पाकीट

दुसऱ्या दिवशी दुपारी जमादार त्याच्या खोलीवर आले. टेबलावर दुमडलेलं खाकी पाकीट ठेवलं.

"हे तुमचं हाय साहेब. तुम्ही मागितलं न्हाई, तरी तुमच्या नावानं दर महिन्याला निघतंय. आजवर मी सांभाळलं."

"मला नको, जमादार."

"घेऊ नका. पन एक ध्यानात ठिवा. तुम्ही घेतलं न्हाई म्हणून ते माघारी जात न्हाई. दुसऱ्याच्या खिशात जातंय. हायवा बी थांबत न्हाई."

पाकीट परत गेलं. फौजदारानं नंतर एका मित्राला सांगितलं की त्याला त्या क्षणी ऊसतोड मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आठवली. दसऱ्याला घरात येते, पोरांना कपडे होतात, आणि मग सहा महिने कोणाच्या फडात राबायचं हे आपण ठरवत नाही.

इथं अभ्यासिकेतलं एक आवडतं उत्तर तपासून घेऊ : 'पाकीट घेऊन ठेवीन आणि पुरावा म्हणून सादर करीन.' असं चुकूनही करू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० प्रमाणे लोकसेवकानं गैरलाभ स्वीकारल्याचं सिद्ध झालं की तो कामाच्या बदल्यातच घेतला, असं न्यायालय गृहीत धरतं. तुमचा हेतू उदात्त होता हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल, आणि तोवर ठाण्यातले सगळे जण साक्ष देतील की साहेबही घेतच होते. पाकिटाला हात लावायचा नाही. कोणी आणलं, किती वाजता, काय म्हणाला, हे त्याच दिवशी लिहून वर पाठवायचं.

फौजदारानं पहिलं केलं, दुसरं केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं जो अहवाल दिला त्यात हायवा होता, फोटो होते, वेळा होत्या, पाकीट नव्हतं. महिनाभर ज्या घरचं जेवलो त्या माणसाचं नाव त्याच्या लेखणीतून उतरलं नाही. माणूस म्हणून मला हे समजतं. पण त्यामुळंच नंतर चौकशीत विचारलं गेलं : पाकिटाचं आधी का सांगितलं नाही? आताच कसं सुचलं?

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये

अहवाल प्रभारींच्या नावे होता, प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना. दोन्ही ठिकाणी आवक क्रमांक घेतलेला. त्या संध्याकाळी बोलावणं आलं.

"हे लिहिण्याआधी मला विचारायचं."

"विचारलं होतं सर. अंधारात चूक होते, म्हणालात."

"होते."

"हायवा आणि ट्रॅक्टरमध्ये, सर?"

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा मागवला आणि हिशेब मांडला. मागच्या आठवड्यात नदीत चार दिवसांचं बेवारस प्रेत सापडलं. ते बाहेर काढणाऱ्याला पैसे कोणी दिले? कफन, खड्डा, ट्रॅक्टर कोणी केला? आरोपी आणायला पुण्याला गेलो, वाटेत डिझेल कोणी टाकलं? निवडणुकीच्या बंदोबस्ताला आलेल्या पोरांनी काय खाल्लं? प्रिंटरचं टोनर, पंचांचा चहा, न्यायालयात साक्षीदार न्यायची गाडी? "सरकारचं बिल येईपर्यंत माझी बदली होते. तू मला सांग, कशानं चालवू ठाणं?"

यातलं जवळपास सगळं खरं आहे. ज्यांनी ठाणं जवळून पाहिलं आहे त्यांना माहीत आहे की बेवारस प्रेताचा अंत्यविधी कित्येकदा शिपायांच्या वर्गणीतून होतो, आणि तो ते मनापासून करतात. मला हा मुद्दा झटकून टाकायचा नाही, कारण चांगल्या माणसांना हप्त्याकडं नेणारा रस्ता बहुतेक वेळा इथूनच निघतो. पहिले पैसे खरंच कफनाला लागतात. पण त्या पैशांचा हिशेब कोणी ठेवत नाही आणि एंट्रीची वही मात्र दर महिन्याला लिहिली जाते. कफनाचा खर्च वर्षात किती आणि वाळूचा वाटा महिन्यात किती, ही दोन टोटलं शेजारी मांडली की ठाणं चालवण्याची गोष्ट तिथंच संपते. ठाण्याला खर्चाला रोख रक्कम मिळत नाही ही तक्रार दर महिन्याला लेखी वर जायला हवी. तशी ती पाठवणारे प्रभारी फार थोडे, कारण एंट्री चालू असेपर्यंत तिची गरजच भासत नाही.

फौजदाराला तिथं यातलं काही सुचलं नाही. तो एवढंच म्हणाला, "सर, ट्रॅक्टरवाल्याचं काय?"

ट्रॅक्टरवाला

ट्रॅक्टरवाल्याची दोन एकर जमीन आणि घरकुल मंजूर झालेलं. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची शासनाची तरतूद आहे. त्याच्याकडं पासही होता. पण पास संध्याकाळी सहापर्यंतचाच होता, ट्रॉलीचं टायर बसलं, रात्र शेतात काढली आणि पहाटे निघाला. पासाची वेळ टळलेली. पाच ब्रासच्या हायवाची जागा भरायला ठाण्याला एक गाडी हवी होती. ती मिळाली.

जमादारांनी त्याला सांगितलं, तहसीलला कडक अहवाल गेला तर दंडात ट्रॅक्टर जाईल. ४० हजारांत मिटवतो. १० हजार त्यानं बायकोची बोरमाळ गहाण ठेवून दिलेही. बाकीच्यासाठी वेळ मागितला आणि चौथ्या दिवशी फौजदाराच्या दाराशी येऊन बसला.

आपल्याच ठाण्याच्या माणसाविरुद्ध तक्रार करायला नागरिकाला सांगणं हा खात्याशी द्रोह आहे का? पोलिसांत हा प्रश्न फार खोलवर बसलेला असतो, म्हणून सरळ उत्तर देतो : नाही. फौजदाराची बांधिलकी ठाण्यातल्या टेबलाशी नाही, दाराशी बसलेल्या माणसाशी आहे. त्यानं ट्रॅक्टरवाल्याला दोनच गोष्टी सांगितल्या आणि त्या दोन्ही अचूक होत्या. पहिली, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक. दुसरी, भाग पाडल्यामुळं लाच दिली असेल आणि सात दिवसांच्या आत कळवलं, तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ मध्ये ही सवलत आहे. दिवस चौथा होता. सोबत तो गेला नाही, कोणाला फोन केला नाही. हेही बरोबर केलं. सापळ्यात हितसंबंधी म्हणून त्याचं नाव आलं असतं तर बचावाला आयतं हत्यार मिळालं असतं.

पुढचं सगळं ठरलेल्या पद्धतीनं झालं, म्हणून थोडक्यात सांगतो. आधी मागणीची पडताळणी : शासकीय पंच सोबत, खिशात रेकॉर्डर. जमादार बोलले, "आकडा मोठ्या साहेबांचा हाय, माझ्या हातात काय न्हाई." मग पावडर लावलेल्या नोटा, चहाच्या हॉटेलात सापळा, हात धुतल्यावर गुलाबी झालेलं पाणी. जमादार त्याच कायद्याच्या कलम ७ खाली अटक झाले. त्यात तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. वही त्यांच्या दुचाकीच्या डिकीत सापडली. नंबर होते, आकडे होते, आद्याक्षरं होती. सही कोणाचीच नव्हती.

निरीक्षकांचा आवाज कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. लाच घेताना जागीच पकडलं तर कलम १७अ ची पूर्वपरवानगी लागत नाही. अधिकाऱ्यानं आपल्या कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची असेल तर लागते. हायवा कोणाच्या सांगण्यावरून सुटला, याचा तपास त्या परवानगीपाशी थांबला. साहेब नियंत्रण कक्षाला गेले. डबा पाठवणारा माणूस तुरुंगात गेला, हे फौजदाराला सहन होत नव्हतं. माझ्याही मते या प्रकरणातला हा सगळ्यात जड भाग आहे. लाचेच्या साखळीत पैसे हातात घेणारा हात नेहमी खालच्या माणसाचा असतो, आणि कायद्याचा सापळा फक्त हात पकडतो.

फौजदाराचं काय झालं

बातमी ठाण्यात त्याच्या आधी पोचली. कोणी भांडलं नाही. लिखापढीला रायटर मिळेना. गस्तीला सोबत यायचं म्हटलं की ज्याची-त्याची तब्येत बिघडे. दोन महिन्यांत तीन कसुरी अहवाल : परेडला उशीर, प्रलंबित अर्ज, आणि वरिष्ठांशी उद्धट वर्तन. परिविक्षेतल्या माणसाला असे तीन कागद पुरतात. जमादारांच्या मुलीचं लग्न मोडलं अशी कुजबुज मुद्दाम त्याच्यापर्यंत पोचवली गेली. ती खरी होती की नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

मित्रांनी सुचवलं, फोटो आणि सगळी हकीकत मोबाइलवर टाकून दे, लोक उभे राहतील. त्यानं टाकली नाही. पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा १९६६ चा कायदा आणि वर्तणूक नियम त्याला तसं करू देत नाहीत. शिवाय गाजलेल्या पुराव्यावर न्यायालयात पहिला हल्ला होतो. त्यानं ते तीन फोटो साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह तपास अधिकाऱ्याला दिले.

मग तो जिल्हा नियंत्रण कक्षाला 'संलग्न' झाला. प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली जी बंधनं घातली, त्यानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२न आलं आणि उपनिरीक्षकाला एका ठाण्यात साधारण दोन वर्षांचा कार्यकाळ मिळाला. मुदतपूर्व बदली करायची तर आस्थापना मंडळ लागतं, कारण लागतं. संलग्न करायला कागदावर बदली करावीच लागत नाही. पगार ठाण्यातून निघतो, माणूस दुसरीकडं बसतो. त्यानं छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं अर्ज केला आहे.

ट्रॅक्टरवाल्याच्या घरी गावातले पुढारी बसून गेलेत. खटला उभा राहील तोवर तो साक्षीत टिकेल का, हे कोणी सांगू शकत नाही. तो फितूर झाला तरी खटला आपोआप पडत नाही. नीरज दत्ता प्रकरणात २०२२ साली घटनापीठानं सांगितलं आहे की मागणी आणि स्वीकार इतर साक्षीदारांनी आणि परिस्थितीजन्य पुराव्यानंही सिद्ध करता येतात. पडताळणीचे पंच आणि रेकॉर्डिंग त्यासाठीच जपायचे.

ज्या टेबलावर हे थांबायला हवं होतं

या प्रकरणावर चर्चा घेतली की सगळे जण फौजदाराला गुण देतात किंवा त्याचे गुण कापतात. मला तिसऱ्या दिवसाकडं बघायचं आहे. अहवालाची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांच्या टेबलावर आली, तेव्हा सापळा लागलेला नव्हता, जमादार अटकेत नव्हते, ट्रॅक्टरवाल्याची बोरमाळ सावकाराकडं जाऊन एकच दिवस झाला होता. ठाण्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात हायवा आत येताना आणि बाहेर जाताना दिसत होता. परमवीर सिंह सैनी प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि शक्यतो अठरा महिन्यांचं चित्रीकरण जपायला सांगितलं, ते अशाच दिवसासाठी. ११२ च्या कॉलची वेळ नियंत्रण कक्षात नोंदलेली होती. गस्तीच्या जीपमधला शिपाई अजून कोणाच्या दबावाखाली नव्हता.

अधिकाऱ्यांनी अहवालावर शेरा मारला : 'प्रभारी अधिकारी यांनी उचित कार्यवाही करावी.' आणि ज्यांच्याविरुद्ध अहवाल होता त्यांच्याकडंच तो परत पाठवला. चार महिन्यांनी तपास अधिकाऱ्यानं फुटेज मागितलं तेव्हा हार्डडिस्क बदललेली होती.

चर्चेला बसणाऱ्यांना मी हेच काम देतो : फौजदार बाजूला ठेवा, उपविभागीय अधिकारी व्हा, आणि त्या अहवालावर तुमचा शेरा लिहा. तीन-चार ओळी पुरतात. मी लिहिला असता तो असा :

'अहवाल वाचला. ठाण्याच्या फाटकावरील कॅमेऱ्याचे रात्री ३ ते सकाळी ८ या वेळेतील चित्रीकरण आज सायंकाळपर्यंत माझ्या कार्यालयात पंचांसमक्ष जमा करावे. डायरीची मूळ प्रत व ११२ कॉलचा तपशील सोबत आणावा. गस्तीवरील शिपाई व चालक यांचे जबाब मी स्वतः नोंदवीन. अडकवलेल्या ट्रॅक्टरच्या मालकास उद्या सकाळी १० वाजता माझ्यासमोर हजर ठेवावे, त्याच्याशी ठाण्यातील कोणीही परस्पर बोलू नये. अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यात बदल करावयाचा झाल्यास त्याचे कारण आधी लेखी कळवावे. प्रत माहितीसाठी पोलीस अधीक्षक यांना.'